न गेलेल्या सहलीचा निबंध

नववीत असताना आमच्या वर्गाची सहल मुंबईजवळच्या राष्ट्रीय उद्यानात गेली. मी गेले नाही. वडिलांनी संमतीच्या कागदावर सही केली नाही आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे. शाळा, विहीर आणि भाताचं खाचर, एवढ्यात माझा दिवस कोंबलेला. बाहेर जायला एकच दार होतं, दहावी. पास झाले तर पुण्याला डीएड, तेव्हा ते दहावीवर व्हायचं, आणि वसतिगृह. नाहीतर लग्न. स्थळं सांगून येऊ लागली होती.

दाराला कुलूप इंग्रजीचं. मुळशीतली निम्मी पोरं तिथंच अडकायची.

सहल परत आल्यावर इंग्रजीच्या बाईंनी सगळ्यांना भूतकाळात निबंध लिहायला सांगितला. मला म्हणाल्या, "तू नको लिहूस, तू कुठं गेली होतीस?" मला असा राग आला! त्या रागातच ठरवलं, लिहायचाच.

बाकावरच्या मैत्रिणीला धरलं. तिला विचारलं तर म्हणाली, "लई ऊन हुतं गं. भेळ खाल्ली. परत आलो." झाली हिची सहल. मग मी खोदून खोदून विचारत बसले. झाडं कसली, हरणांची शिंगं केवढी, माकडांनी काय पळवलं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आन् सिंव बघाया जाळीच्या गाडीत बसवत्यात. आमी जाळीत आन् त्यो मोकळा!" अंगावर काटाच आला माझ्या. ती मात्र चिंच चोखत होती.

शाळेच्या कपाटात एकच शब्दकोश होता. मधल्या सुट्टीत तो मागून घेऊन एकेक शब्द शोधला. संध्याकाळी ओट्यावर बसून क्रियापदांची दुसरी रूपं लावली. तिथंच वडील ओरडले होते, "किती लिवतीस? गुरं कोन बांदनार?" चार दिवसांनी ते वाक्य उभं राहिलं: द लायन वॉज फ्री अँड वुई वेअर इन द केज. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचं कौतुक वाटलं.

वही वर्गभर फिरली. प्रत्यक्ष जाऊन आलेल्या सगळ्यांनी माझी सहल पाठ केली. मीच दिली वही, फुशारकीनं.

दहावीच्या सहामाहीत नेमका तोच निबंध आला. बाईंची बदली झाली होती, सर नवीन होते. सहामाहीत नापास झालेल्याचा फॉर्म बोर्डाकडे पाठवायचा नाही, हा त्यांचा नियम. पेपर घेऊन ते वर्गात आले. एकोणीस जणांच्या पेपरात तोच सिंह. "हे वाक्य मुळात कुणाचं?" त्यांनी विचारलं. मैत्रीण कंपासपेटीची उघडझाप करत राहिली. मी उभी राहिले. "माझं, सर."

"तू सहलीला गेली होतीस?"

मी काही बोलायच्या आत वर्ग एका सुरात ओरडला, "न्हाई सर!" तेवढं खरं बोलायला सगळ्यांना तोंड होतं.

"मग गाडीची जाळी तुला कुठून दिसली?" सर म्हणाले. बाकीच्यांनी एकमेकांचं पाहिलं असेल, पण ते निदान जाऊन तरी आले होते, असा त्यांचा हिशेब. त्यांचे थोडे थोडे गुण कापले, मला शून्य दिलं. तेवढ्यानं मी इंग्रजीत नापास झाले. काही सांगायचं असेल तर वडिलांना घेऊन ये, म्हणाले.

वाटेत मी वडिलांना पढवलं. "आण्णा, येवडंच सांगा, निबंद हिनं घरी ओट्यावर लिवला, म्या बगितलाय." ते "व्हय व्हय" म्हणाले. धुतलेली टोपी घालून आले होते.

सरांनी सुरुवात केली, "तुमच्या मुलीच्या वर्तनाबद्दल तक्रार आहे. त्या सहलीच्या बाबतीत..."

मुलगी, वर्तन, सहल. वडिलांनी पुढचं ऐकलंच नाही. ताडकन उठले. "माजी पोरगी कुटं जात न्हाई गुर्जी! घरातनं शाळा, शाळंतनं घर. सहलीला बी धाडली न्हाई म्या. कुनालाबी इचारा!"

"तेच म्हणतोय मी," सर म्हणाले आणि त्यांनी गुणांची वही मिटली.

मी बोलायला हवं होतं. दोन पुरुषांच्या मध्ये खाली मान घालून उभी राहिले, घरी राहते तशीच. वडिलांना मी कधीच माफ केलं. माझं ते गप्प राहणं मात्र अजून छळतं.

पौडच्या स्टँडवर वडिलांनी मला शेंगदाण्याची पुडी घेतली. "ठनकावून सांगितलं बग," खुशीत म्हणाले. मी "व्हय" म्हणाले आणि शेंगदाणे खाल्ले.

माझा फॉर्म गेला नाही. बाकावरची मैत्रीण पास झाली, पुण्याला गेली. त्याआधीच, मे महिन्यात, आमच्या दारात मांडव पडला. वडील येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला कौतुकानं सांगत होते, "पोरगी कंदी कुटं गेली न्हाई आमची."