माझा मुळ्याचा पाला दाईंनी सडवायला घेतला!

मंडळी, आज असा हादरलोय की ड्युटीचे कपडे न बदलताच लिहायला बसलोय.

इथं गल्फमध्ये, अल क्वोजच्या कामगार कॅम्पात खोलीबाहेर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मी मुळा लावला होता. आज पाल्याची भाजी करतो म्हणून सगळ्या खोलीला सांगून ठेवलेलं. येऊन बघतो तर नुसते मुळे. पाला खलास!

आमच्या खोलीत नेपाळच्या डोंगरातले एक दाई राहतात. दाई म्हणजे त्यांच्याकडे मोठा भाऊ. ते माझाच पाला कुटून बरणीत ठासत होते.

"दाई, ये क्या कर रहे हो?"

"सड़ा रहा हूँ."

मी ओरडलोच, "मेरा भाजी था वो!"

"चिल्ला मत. धूप बढ़ गया, दो दिन में सब जल जाता. मेरा गाँव में बर्फ गिरता है, तब हरा पत्ता कहाँ? पहले से ऐसा खट्टा करके सुखाता है. ले, खाके देख."

आधी असाच आंबवून सुकवलेल्या पाल्याचा काळा चुरा त्यांनी उकळून वाटीत दिला. नाक दाबून प्यायलो. आईशप्पथ, अंबाडीसारखं आंबट! अजून एक वाटी मागून घेतली.

तरी राग होताच. म्हटलं, "यहाँ कौनसा बर्फ गिरता है, दाई?"

"जून में तेरा बाल्टी में क्या उगेगा, बोल?"

खरंच होतं त्यांचं. जूनमध्ये इथं बादलीतली मातीसुद्धा भाजून निघते. गेला अख्खा उन्हाळा आम्ही डाळीवर काढला, पण हे डोक्यातच आलं नाही.

गल्फमधल्या भावांनो, तुम्ही उन्हाळ्यासाठी काय साठवता? लवकर सांगा, ऊन तापायला लागलंय.