चिकटपट्टीला चिकटून आलेलं कोटिंग

मंडळी, आज मी सूड घेतला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी मी म्हैसुरातल्या एका नॉनस्टिक कोटिंगच्या कारखान्यात तपासणीला होते. तिथे घाईत ट्रे नीट न घासताच कोटिंग मारायचे. असा माल मी पास करेना, तेव्हा मालकांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "घरी जाऊन दोसे घाल." त्याच दिवशी नोकरी गेली.

आता मी एका बेकरीत येणारा माल तपासते. आज सकाळी तेच मालक पावाचे नवे ट्रे घेऊन हजर! मला बघून चपापले. "एनम्मा, चेन्नागिद्दीया? बरी आहेस ना?"

मी एक ट्रे उचलला. ब्लेडने ट्रेवर चौकटी ओढल्या, चिकटपट्टी दाबून बसवली आणि खेचली. चांगलं कोटिंग अशाने निघत नाही; हे पट्टीबरोबर निघून आलं.

"सार, हे लोकांच्या पावात जाईल. सगळे ट्रे परत न्या," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. भट्टीवरची माणसं बघायला लागली.

"आत बसून बोलूया ना, अम्मा," ते हळूच म्हणाले.

"इथेच बोला. मलाही सगळ्यांसमोरच काढलं होतंत."

ते मान खाली घालून गेले.

पण खरं सांगते, पट्टी खेचताना 'निघू दे, निघू दे' असंच मनात चाललं होतं. ट्रे चांगले असते तर मी ते पास केले असते का? तुम्ही केले असते?