रुमालाखालची पकड

टोकावड्याच्या बैलवाल्याने मला फसवलं. मी चक्कर येऊन पडत होतो आणि त्याने त्याचाच सौदा केला.

मी बैलांचा व्यापारी. बापाच्या दारात बैल नव्हता, हा धंदा मी उभा केला. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली. एक बोट म्हणजे दहा हजार, जितकी बोटं धरली तितका भाव, आणि धरलेलं बोट सोडायचं नाही. मुरबाडच्या बाजारात माझी पत त्यावरच आहे.

त्या दिवशी वाकून या बैलवाल्याच्या बैलाचे खूर पाहिले, झटक्यात मान वर केली आणि रुमालाखाली हात घातला. तीन बोटं धरायची होती. तेवढ्यात बाजार गरागरा फिरला! बैल, माणसं, चिंचेचं झाड, सगळंच. आधाराला मी त्याचा अख्खा पंजा आवळला आणि गुडघ्यांवर आलो.

"पाच! झाला सौदा!" तो ओरडला.

"अरे, मी पडतोय, दिसत नाय तुला?"

"पडा ना शेठ, पन बोटं तर धरलीत!"

लोक हसले. "सकाळीच घेतली वाटतं," कुणीतरी म्हणालं. मी दारूला शिवत नाही! पण बोट धरलं ते धरलं. पाचाच्या भावाने बैल घरी आणला.

नंतर उजव्या कुशीवर वळलो तरी पलंग फिरायचा. शेवटी शहापूरला कानाच्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

"काका, आतल्या कानात तोल राखणारे बारीक कण असतात. तुमचे सुटून शेजारच्या नळीत गेलेत. मान हलली की ते घरंगळतात, नळीतलं पाणी ढवळतं आणि मेंदूला वाटतं, तुम्ही फिरताय."

"मग गोळी?"

"गोळी नाही. त्यांना वळवून जागेवर नेऊ."

मान उजवीकडे वळवून त्यांनी मला मागे निजवलं, डोकं टेबलाच्या काठाखाली. खोली फिरत सुटलीच!

"डोळे मिटू नका! बुबुळं बघा कशी नाचतायत. असं सोंग करून नाचवता येत नाहीत."

मग मान डावीकडे, मग कुशीवर, तोंड जमिनीकडे, मग उठून बसवलं. चप्पल घालायला भीतभीत वाकलो. जमीन जागेवर! मुद्दाम पुन्हा वाकलो. जागेवर! बाहेर येऊन रस्त्यात आणखी एकदा वाकलो.

बैल चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण बैलवाल्या, तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतास. माझी बुबुळं नाचत होती, ती तू पाहिलीस. येत्या बाजारी सगळ्यांसमोर रुमाल बाजूला ठेव आणि तोंडाने सांग: तो सौदा होता की पडत्या माणसाचा हात?