खाली साइडचा आरसा

"ताई, तुम्ही नक्की काय लावून गेलात ते एकदा येऊन बघा," दळवी फोनवर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त धास्ती वाटली.

लालबागमध्ये आमचं काच-आरशांचं दुकान आहे. आधी वडील बघायचे, आता मी बघते. दळवींचं कार वॉश कॉटन ग्रीनला, एका जुन्या गोडाऊनमध्ये. आदल्याच दिवशी तिथे दोन आरसे लावून आलो होतो.

काम साधं होतं. गाडी तोंड आत करून उभी राहते, दोन्ही बाजूंना भिंती, आणि गिऱ्हाईक मागे पिवळ्या पट्ट्याशी. साबणाच्या फरशीवर एक ड्रायव्हर घसरला तेव्हापासून पट्टा ओलांडायला बंदी. मग गाडीच्या बाजू दिसणार कशा? म्हणून भिंतींवर आरसे. लोअर परळच्या एका ऑफिसच्या सगळ्या गाड्या दळवींकडे येणार होत्या. अट एकच, ड्रायव्हरला पट्ट्यामागून दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. ऑफिसच्या अ‍ॅडमिन मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला येणार होत्या. हे काम गेलं तर धुणाऱ्या चौघांतले दोघं कमी करावे लागतील, असं दळवींनी मला आधीच सांगितलं होतं.

आरसे कुठे लावायचे तेही त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. "एक ड्रायव्हर साइडला मारा, एक खाली साइडला." मी वहीत तसंच उतरवलं. आमचे फिटर गणपतमामा कणकवलीचे. त्यांनी वही वाचली आणि विचारलं, "खाली म्हणजे खालीच मां? टायर बघूक असतलो." मला पटलं. दोन्ही आरसे उजव्या भिंतीवर लागले, एक डोळ्यांच्या उंचीला, दुसरा फरशीपासून सहा इंचांवर.

मामांना घेऊन मी पोचले तेव्हा दळवी डाव्या, कोऱ्या भिंतीकडे बघत उभे होते.

"इथला कुठाय?"

"तुम्हीच म्हणालात ना, एक खाली."

"खाली नाही हो ताई. खाली साइडला."

दळवींनी अनेक वर्षं गोदीतून ट्रक चालवला होता. ट्रकवाल्यांच्या बोलीत ड्रायव्हर बसतो ती ड्रायव्हर साइड, आणि दुसरी, डावीकडची, ती खाली साइड. हिंदीतलं खाली, म्हणजे रिकामी. मला गाडी चालवता येत नाही, मामांना तर सायकलही नाही. पण चूक माझीच. एक प्रश्न विचारला असता तर भागलं असतं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवीन आरसा कापायचा, कडा घासायच्या, फुटला तर तुकडे पडू नयेत म्हणून पाठीला फिल्म लावायची, यात दोन दिवस जातात. खालचा आरसा मात्र प्लायवर चिकटवून प्लाय स्क्रूने भिंतीला मारलेला होता, म्हणजे अख्खा काढून डावीकडे लावता आला असता. मामा स्क्रू काढायला बसले आणि थांबले.

"बाय, हय बघ."

बाजूला नुकतीच धुतलेली पांढरी गाडी होती. वरच्या आरशात चकाचक. खालच्या आरशात दरवाजांखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, चार बोटं रुंद चिखल. मला राहवेना. पट्ट्यामागे जाऊन पाहिलं, तिथूनही दिसत होता. पुढच्या दोन गाड्या धुऊन होईपर्यंत मी थांबले. दोन्हींना तसाच चिखल.

दळवी उकिडवे बसले. "रोज असंच जातं?"

 धुणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "वाकायला लागतं, शेठ."

दळवी उठले. मग म्हणाले, "हा काढू नका."

पण डाव्या भिंतीचं काय? मला दुकानातला दर्शनी आरसा आठवला. वडिलांनी लावलेला, पाठीला फिल्मही असलेला. येणारा-जाणारा त्यात केस नीट करायचा. मामांना विचारलं तर ते लगेच टेम्पोत बसले. संध्याकाळच्या आत आरसा डाव्या भिंतीवर होता. पाठीत पाणी शिरलं की आरसा कडेने काळा पडतो, म्हणून कडांना दुहेरी सिलिकॉन भरलं.

सकाळी मीही गेले. मॅडम स्वतःच्याच गाडीतून आल्या. गाडी धुऊन झाली. त्यांनी पट्ट्यामागून उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग त्यांची नजर खाली गेली.

"हा एवढा खाली कशाला?"

दळवींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"चुकून लागलाय मॅडम," ते म्हणाले. "पण त्यात आमची चोरी दिसली, म्हणून राहू दिला."

मॅडम वाकल्या. दरवाजांखालची पट्टी स्वच्छ होती, त्या दिवशी माणसं वाकली होती. त्या उठल्या आणि विचारलं, "मग डावीकडे का नाही?"

काम मिळालं. चौघेही राहिले. दुपारी दळवींचा फोन आला, "ताई, आता एक खाली साइडला, खाली." मी वहीत लिहिलं, डावी भिंत, फरशीपासून सहा इंच.

तेव्हापासून मी जागा फोनवर ऐकत नाही. गिऱ्हाइकाला भिंतीवर हात ठेवायला लावते. आमच्या दुकानातली भिंत मात्र अजून कोरीच आहे. कंगवा काढून उभं राहिलेलं कुणी विचारतं, इथला आरसा कुठे गेला? गणपतमामा वर न बघता सांगतात, "ती खाली साइड."