अर्धा परवचा

प्रभाताई सोहोनींना देव नाही, हे मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीत गेटवरच्या गार्डपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. गणपतीचा मांडव घालायला बाई सगळ्यांच्या आधी हजर आणि आरतीला गायब. चौतीस वर्षं बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवलेलं, त्यामुळे वाद अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "नास्तिक असणं हीसुद्धा एक श्रद्धाच की हो," असं कुणी म्हणायचा अवकाश, की त्यांचा चहाचा दाखला तयार.

"मी चहात साखर घालत नाही. मग काय 'नसाखर' नावाचं काही घालते? काही घालत नाही, एवढंच."

समोरचा विषय बदलायचा. नवरा मात्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "काही घालत नाहीस ना? मग चुकून साखरेचा दाणा पडला, तर अख्खा कप मोरीत का ओततेस?"

लोक हसायचे. प्रभाताईही हसायच्या, पण उत्तर द्यायच्या नाहीत. एरवी उत्तर दिल्याशिवाय न राहणाऱ्या बाईने तिथेच का थांबावं, हे कुणी विचारलं नाही.

नवऱ्याचं, अशोकरावांचं, उलटं. साताऱ्याकडचे, केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलेले, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये अर्धं आयुष्य काढलेले. लहानपणी त्यांच्या घरी दिवेलागणीला परवचा असे. मुलांनी हातपाय धुऊन ओळीने बसायचं, आधी स्तोत्र म्हणायचं, मग पाढे. पाढ्यांत अशोकरावांनी रोज मार खाल्ला, स्तोत्रात मात्र एक अक्षर कधी चुकलं नाही. पाढे शाळेबरोबर सुटले, स्तोत्र राहिलं. ऑफिसातून कितीही उशिरा येवोत, दिवा लावून ते म्हटल्याशिवाय जेवण नाही. लग्नातच ठरलं होतं की त्याने म्हणावं, हिने अडवू नये, आणि हिला 'तूही म्हण' असं त्याने कधी म्हणू नये. दोघांनी करार चव्वेचाळीस वर्षं पाळला. तो देवासमोर बसला की ही चहाचा कप घेऊन बाल्कनीत जायची.

चहाच्या दाखल्यामागे काय होतं, ते प्रभाताईंनी फक्त अशोकरावांना सांगितलं होतं. त्या आठ वर्षांच्या असताना धाकट्या भावाला घटसर्प झाला. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहत होते. पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याच स्तोत्राच्या अकरा आवर्तनांचा संकल्प सोडला होता, आणि संकल्प पुरा झाल्याशिवाय आसनावरून उठायचं नव्हतं. सहाव्या आवर्तनाला पोराचा श्वास कोंडला. उरलेली पाचही झाली, आणि डॉक्टर आले तेव्हा पोर गेलेलं होतं. तेव्हाच त्या आठ वर्षांच्या मुलीने मनाशी ठरवलं, की हे शब्द आपल्या तोंडून मरेपर्यंत निघायचे नाहीत.

जानेवारीच्या सुरुवातीला, धुक्यात, अशोकरावांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. बोलायला गेले की एकच शब्द बाहेर यायचा. "बरं." पाणी हवं, "बरं." दुखतंय, "बरं." रडू आलं तरी "बरं." ज्या माणसाने जन्मभर बायकोची टोपी उडवली, त्याच्या वाट्याला देवाने एक शब्द ठेवला, असं शेजारच्या लताबाई म्हणाल्या. प्रभाताईंनी तेव्हा 'देवाने' या शब्दावरही वाद घातला नाही.

बोलायला शिकवणारी सुनयना आठवड्यातून दोनदा घरी यायची. दिल्लीचीच पोरगी, कामात चोख. तिने सांगितलं, "मैडम, बातचीत का रास्ता बंद है, रटा हुआ अलग रास्ते से आता है. जो बचपन से ज़बानी याद हो, वो लीजिए. आधी लाइन आप बोलिए, रुकिए, आधी इनको बोलने दीजिए. रोज़. आमने-सामने बैठकर, ये आपके होंठ देखें. और पहले तीन-चार महीने ही असली हैं."

प्रभाताई कामाला लागल्या. हयगय हा शब्द त्यांना माहीत नव्हता. रोज सकाळ-संध्याकाळ समोर खुर्ची मांडून बसायच्या. "बे एके..." आणि थांबायच्या. अशोकराव बघत राहायचे. "बे दुणे..." "बरं." राष्ट्रगीत घेतलं, त्यात दोन शब्द आले आणि गाडी अडली. वारांची नावं झाली, महिन्यांची नावं झाली, पावकी-निमकी झाली. साऱ्या परवच्यातला पाढ्यांचा अर्धा भाग त्यांनी नवऱ्यापुढे पुन्हा पुन्हा ओतला, नेमका तोच, ज्यात त्याने मार खाल्ला होता. हे त्यांना कळत नव्हतं असं कसं म्हणावं? कळत होतं.

"पूजा-पाठ करते थे ना अंकल?" सुनयनाने देव्हाऱ्याकडे बघत विचारलं. "वही लीजिए ना."

"मैं नहीं मानती."

"मानने को कौन कह रहा है, मैडम? बोलना ही तो है."

फोनवर स्तोत्राचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. ते त्यांच्यासाठी थांबेना, सरळ पुढे धावू लागलं, आणि अशोकरावांनी तोंड फिरवलं. गुरुग्रामहून लेक रेवती आली. दिल्लीत वाढलेली मुलगी, तिला स्तोत्राच्या चार ओळी धड येत नव्हत्या. ती आईवर चिडली.

"आई यार, तूच म्हणायचीस ना, एथिस्ट म्हणजे काहीच नसतं म्हणून? काहीच नाहीये तर मग अडतंय काय? म्हण आणि सोडून दे. खतम!"

"खोटं बोलल्यासारखं होईल ते."

"कुणाशी खोटं? तुझ्या मते ऐकणारा तर कुणी नाहीच आहे. ऐकणारे फक्त बाबा आहेत."

प्रभाताईंनी फ्रिज उघडला आणि काही न काढता लावून टाकला. रेवतीचं बोलणं बिनतोड होतं. शाळेत असतं तर त्यांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी स्तोत्र म्हणायला लताबाईंना बोलावलं आणि आपण सवयीने बाल्कनीत गेल्या. आतून लताबाईंचा आवाज आला, अर्धी ओळ, मग शांतता. आणि मग अशोकरावांचा आवाज आला. घोगरा, अडखळता, पण त्यांचाच. पुढची अर्धी ओळ त्यांनी पुरी केली. सात आठवड्यांत पहिल्यांदा प्रभाताई नवऱ्याच्या तोंडून सलग शब्द ऐकत होत्या. त्या आत धावल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या.

"सहा ओळी म्हटल्या हो!" लताबाई डोळे पुसत बाहेर आल्या. "पण सारखे दाराकडे बघत होते. तुम्हाला शोधत होते. आता रोज घ्या तुम्ही. मी परवा पुण्याला चाललेय, लेकीचं बाळंतपण आहे."

प्रभाताईंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दिवा लागल्यावर त्या नवऱ्यासमोर बसल्या. स्तोत्र त्यांना पाठ होतं. चव्वेचाळीस वर्षं बाल्कनीत बसून ऐकलेलं, कुठलं अक्षर लांब आणि कुठलं आखूड हेसुद्धा ठाऊक होतं. अशोकराव त्यांच्या ओठांकडे बघत होते, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं बघतात तसे. प्रभाताईंनी तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलंच नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा निघाली. तिसऱ्यांदा त्यांचे ओठ थरथरायला लागले, तेव्हा अशोकरावांनी डावा हात उचलला आणि बायकोच्या ओठांवर ठेवला.

"बरं," ते म्हणाले.

राहू दे, असाच त्याचा अर्थ होता. करार त्यांनी पाळला. आपली वाचा जात असतानाही पाळला, आणि प्रभाताईंनी तो पाळू दिला. तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं, आणि ते हायसं वाटणं पुढे त्यांना जन्माची शिक्षा होऊन बसलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाढे सुरू झाले. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. दुसरं कुणी मराठी माणूस शोधू, लताबाई येतीलच, असं म्हणत एप्रिल उजाडला.

एप्रिलच्या मध्यावर दुसरा झटका आला. छोटाच, डॉक्टर म्हणाले. चार दिवसांत घरी सोडलं. एवढंच की आता "बरं"देखील उरलं नव्हतं. सुनयनाने दोन आठवडे खटपट केली, मग चप्पल घालताना हळू आवाजात म्हणाली, "अब मेरे आने से फ़ायदा नहीं है, मैडम. बस आराम से रखिए."

त्या संध्याकाळी रेवती फोनवर होती. प्रभाताई तिला म्हणाल्या, "रेवा, मी आयुष्यभर लोकांना सांगितलं की माझ्याकडे काही नाही. होतं गं. आमच्या घरच्यांना निदान उरलेली पाच आवर्तनं तरी मोजायची होती. मी काय मोजत होते?"

रेवतीला त्यातलं अर्धंच कळलं. "आई, मी येऊ का?" तिने विचारलं. "नको," म्हणून प्रभाताईंनी फोन ठेवला.

मग त्यांनी दिवा लावला. अशोकरावांची खुर्ची आपल्याकडे वळवली, समोर बसल्या, आणि स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. अर्धी ओळ म्हणायची, थांबायचं, मनात पाच मोजायचे, मग उरलेली अर्धी आपणच म्हणायची. अशोकराव त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांचे स्वतःचे ओठ हलले नाहीत. प्रभाताई प्रत्येक ओळीला थांबल्या, एकही ओळ सोडली नाही, आणि शेवटपर्यंत गेल्या. त्यातल्या एका शब्दावरही त्यांचा विश्वास नव्हता. आवाज एकदाही अडला नाही. सगळं मिळून पाव तास लागला, आणि ते इतकं सोपं होतं.