उंदरांची खुशाली विचारणारे मामा

सरकारी पैशातून देशात कुठेही एखाद्या उंदराला सुई टोचली, तर त्या उंदराच्या आधी आमच्या मामांना कळतं. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पंचवटीतलं पूजेच्या भांड्यांचं दुकान मुलाच्या हवाली करून ते दिवसभर मोबाईलवर एकच गोष्ट वाचतात. सरकारी अनुदानावर चाललेल्या वैद्यकीय संशोधनाची एक वेबसाइट आहे. कोणत्या रोगावर कोण, कुठे, किती वर्षं काम करणार, ते तिथे कुणालाही बघता येतं. बघतात मात्र अख्ख्या देशात एकटे मामाच, अशी माझी खात्री आहे. आणि बघतात कसे, तर भाचीसाठी स्थळं बघावीत तसे. "संस्था घरंदाज आहे, मुलगा हुशार आहे, पण विषय जरा झेपेल का, जावईबापू?" एखाद्या प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली, की घरचाच पुतण्या नापास झाल्यासारखे घुम्म बसतात. एकदा भाजीबाजारात मेथी निवडता निवडता त्यांनी डेंग्यूच्या लशीचा सगळा प्रकल्प ऐकवला, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "मामा, जुडी घ्यायची तर घ्या. डास पाहिजेल तर आमच्याकडं लय हायेत, फुकट न्या."

हा नाद लागला मामींच्या हातांमुळे. बोलता बोलता वातींचा ढीग वळणारे ते हात. कंपवातानं आता त्यांना चहाची बशी धरवत नाही. मामांनी वेबसाइट उपसून पुण्यातला कंपवातावरचा एक प्रकल्प शोधला, नंबर मिळवला आणि तिथल्या तरुण संशोधक बाईंना विचारलं, "उंदीर बरे आहेत ना?" बाईंना आधी वाटलं, तपासणी आली. मग त्यांनाही सवय झाली. "काका, आज एक उंदीर दांडीवरून न पडता चालला," असं त्यांनी सांगितलं त्या दिवशी मामांनी गल्लीत पेढे वाटले. रिक्षावाल्यांनी नातू झाला समजून मिठ्या मारल्या. मामांनी त्याही घेतल्या. वर प्रयोगशाळेला द्राक्षांची पेटी धाडली, निम्मी माणसांना, निम्मी उंदरांना. मामी म्हणाल्या, "उंदरांना पेटी. आणि मला घड आणताना तासभर घासाघीस."

मागच्या महिन्यात प्रकल्पाची मुदत संपली. मामांनी फोन लावला. मी समोरच होतो. पहिल्यांदाच त्यांनी उंदरांची चौकशी केली नाही. "मग आमच्या हिला औषध कधी?"

मामांच्या फोनचा आवाज रामकुंडापर्यंत जातो. "काका, माणसांपर्यंत यायला अजून दहा-पंधरा वर्षं. आणि येईलच, असंही नाही सांगता येत." मामी सत्तरी ओलांडलेल्या. मामांनी बाईंना, जेवलात का, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" स्वयंपाकघरातून मामी.

"म्हणाली, काम झकास चाललंय."

मामी बाहेर येऊन शेजारी बसल्या. "हो, ऐकलं मी," म्हणाल्या. मग विचारलं, "ती पोर थांबणार तर नाही ना?"

"नाही. पुढचा प्रकल्प मागणार आहे."

"मग बघा ना, मंजूर झाला का."

तेव्हापासून रोज सकाळी मामा मोठ्यानं वाचतात आणि मामी ऐकतात. वाचताना मामा मामींच्या हातावर आपला हात ठेवतात. तेवढा वेळ तिचा हात अजिबात थरथरत नाही, असं ते सगळ्यांना सांगतात. मी पाहिलंय. दोन्ही हात थरथरतात.