डाव्या हाताची सही

१९६१ च्या उन्हाळ्यात शहाद्याजवळच्या आमच्या गावी वडिलांनी खाटेवर बसून मृत्युपत्र केले. आज तलाठ्याकडे शाईच्या पॅडचा वास आला आणि ती दुपार आठवली.

अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला होता. विहिरीचे शेत मला, त्यांच्या एकुलत्या मुलीला, द्यायचे होते. ते धाकट्या काकांकडे जावे, असे भाऊबंदांचे म्हणणे होते. लेखनिकाने मजकूर वाचून दाखवला आणि पॅड पुढे केला.

"भाऊ, अंगठा दी दे. कशाले तरास करी लेस?" काका म्हणाले.

"अंगठा ते मरेल मानूसना बी लेता येस," वडील अडखळत म्हणाले. "उद्या तूच म्हनशी, भाऊ बेसुद व्हता. मी सही करसू."

मेलेल्याच्या अंगठ्याच्या गोष्टीवर सगळे हसले, काकाही हसले.

आईने कागद पाटावर दाबून धरला. वडिलांनी डाव्या हातात टाक घेतला. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरे वाकडी उतरली, पण नाव पुरे उतरले. तेव्हा मला ती अक्षरे केविलवाणी वाटली होती. त्याहून ताठ सही मी पुढे पाहिली नाही.

साक्षीदार म्हणून त्याखाली काकांनी सही केली. आज घेतलेल्या सातबाऱ्यावर विहिरीच्या शेताला माझे नाव आहे.